विश्लेषण : लाल विंचवाच्या दंशाने हृदय का कोलमडते? चेतापेशींवरील ‘सोडियम दारां’वर निसर्गातील विषे कसा घाला घालतात?

कोकणातला लाल विंचू, समुद्रातला केंड मासा, कोलंबियाच्या जंगलातला सोनेरी बेडूक आणि हिमालयातला बचनाग यांच्यात वरकरणी काहीच साम्य नाही. पण या चौघांचीही विषे माणसाच्या शरीरात एकाच ठिकाणी घाव घालतात. ते ठिकाण म्हणजे चेतापेशींच्या आवरणातील सोडियम चॅनेल. ही सूक्ष्म दारे उघडली-मिटली तरच मेंदूचा संदेश बोटापर्यंत पोहोचतो, श्वास चालतो आणि हृदयाचा ठोका पडतो. काही विषे हे दार बाहेरून बंद करतात, तर काही ते मिटूच देत नाहीत. विंचूदंशानंतर घाम, उलट्या, थंडगार हातपाय ही लक्षणे का दिसतात आणि त्यावर रक्तदाबाची एक साधी गोळी कशी उपयोगी पडते, याचे उत्तर या दारांच्या कामकाजात दडले आहे.

चेतापेशीतून संदेश कसा जातो?

शरीरातील प्रत्येक चेतापेशी एखाद्या भारित बॅटरीसारखी असते. तिच्या आवरणाच्या बाहेर सोडियमचे आयन भरपूर असतात, तर आत त्यांचे प्रमाण जवळपास दहापट कमी असते. पोटॅशियमचे नेमके उलट असते, ते आत जास्त आणि बाहेर कमी. या असमतोलामुळे पेशीचा आतील भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋणभारित राहतो. ७० मिलिव्होल्ट म्हणजे घरातल्या साध्या सेलच्या दाबाच्या वीसाव्या भागाइतकेही नाही. मात्र पेशीचे आवरण जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचे असल्याने त्या इवल्याशा अंतरात हा दाब प्रचंड ठरतो.

संदेश पाठवायचा असतो तेव्हा आवरणातील सोडियमची दारे उघडतात. बाहेर ताटकळलेले सोडियम आयन आत घुसतात आणि त्या जागी पेशीचा आतील भाग क्षणभर धनभारित होतो. या बदलामुळे शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या पलीकडची. एकामागे एक उभ्या केलेल्या पत्त्यांपैकी पहिला पाडला की पुढचे पडत जावेत, तसा हा संदेश चेतातंतूच्या टोकापर्यंत पळत जातो. टोकाशी पोहोचल्यावर तिथल्या पिशव्यांमधून रासायनिक संदेशवाहक बाहेर पडतात आणि पुढच्या पेशीला, स्नायूला किंवा ग्रंथीला हुकूम मिळतो.

सोडियमचे दार उघडते आणि मिटते कसे?

सोडियम चॅनेल हे एक मोठे प्रथिन आहे. त्याचे चार सारखे भाग वर्तुळाकार उभे राहून मधोमध एक अरुंद बोगदा तयार करतात. या प्रत्येक भागात विद्युतदाब ओळखणारा एक संवेदक असतो. त्याच्यावर धनभार असल्यामुळे पेशीतील विद्युतदाब बदलला की तो जागेवरून सरकतो आणि बोगदा उघडतो. हे सारे एक हजारांश सेकंदापेक्षा कमी वेळात घडते. एक उघडे दार सेकंदाला सुमारे एक कोटी आयन आत सोडू शकेल, इतका त्याचा वेग असतो.

पण दार उघडण्याइतकेच ते वेळेवर मिटणेही महत्त्वाचे. उघडल्यानंतर एक-दोन हजारांश सेकंदांत प्रथिनाचाच एक लहानसा तुकडा आतल्या बाजूने बुचासारखा बोगद्यात येऊन बसतो. सोडियम आत येणे थांबते. मग पोटॅशियम बाहेर जाते, पेशी मूळ स्थितीत येते आणि पुढच्या संदेशासाठी सज्ज होते. उघडणे, बूच बसणे आणि पुन्हा सज्ज होणे असे हे तीन टप्पे आहेत. निसर्गातील बहुतेक चेताविषे यांपैकीच एखाद्या टप्प्यात अडथळा आणतात.

विंचवाचे विष या दाराशी काय करते?

विंचवाचे विष म्हणजे अनेक लहान प्रथिनांचे मिश्रण असते. त्यातील ‘अल्फा’ गटाची विषे सोडियम चॅनेलच्या बाहेरच्या अंगाला, चौथ्या भागातील संवेदकापाशी जाऊन चिकटतात. हाच संवेदक सरकल्याशिवाय आतले बूच जागेवर बसत नाही. विषाने तो अडवून धरला की दार उघडते, पण वेळेवर मिटत नाही. ‘बीटा’ गटातील विषे वेगळ्या जागी चिकटतात. त्यांच्यामुळे दार गरज नसतानाही, अगदी लहानशा कारणाने उघडू लागते.

परिणाम एकच, तो म्हणजे चेतातंतू थांबायचे नाव घेत नाहीत. एका संदेशाच्या जागी संदेशांची रांग लागते. लाल विंचवाच्या विषात पोटॅशियमची दारे अडवणारे घटकही आहेत. म्हणजे पेशीला मूळ स्थितीत आणणारी दुसरी यंत्रणाही खिळखिळी होते. दंशाच्या जागी आगीसारखी वेदना होते तीही यामुळेच. वेदनेचा निरोप नेणारे तंतू सतत पेटलेले राहतात.

मग हृदय आणि फुप्फुसांवर संकट का येते?

आपल्या इच्छेविना चालणारी कामे, म्हणजे हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम, लाळ आणि पचन, स्वायत्त चेतासंस्था सांभाळते. विष रक्तात मिसळले की या संस्थेच्या तंतूंवरील दारेही उघडी राहतात आणि तंतूंच्या टोकांतून रासायनिक संदेशवाहकांचा पूर येतो. वैद्यकीय भाषेत याला स्वायत्त चेतासंस्थेचे वादळ म्हणतात.

हे वादळ साधारण दोन लाटांत येते. पहिल्या लाटेत उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ सुटणे आणि पुरुषांमध्ये, लहान मुलग्यांमध्येही, लिंगाला ताठरता येणे ही लक्षणे दिसतात. दुसऱ्या लाटेत ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन या द्रव्यांचा जोर असतो. शरीरभरातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो आणि नाडी धावू लागते. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाची दमछाक होते. पुढे त्याची ताकद संपते, रक्तदाब कोसळतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. रुग्णाला धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. विंचूदंशातील बहुतेक मृत्यू याच टप्प्यावर होतात. लहान मुलांच्या शरीराचे वजन कमी, पण विंचू सोडतो ते विष तेवढेच. त्यामुळे त्यांना धोका अधिक असतो.

यातला फसवा भाग असा, की वेदना किती आहे यावरून धोका ठरत नाही. दंशाची जागा फारशी दुखत नसली तरी मूल घामाने भिजले असेल, वारंवार उलट्या करत असेल आणि त्याचे हातपाय गार पडले असतील, तर विष शरीरभर पोहोचल्याचे ते लक्षण असते.

महाडच्या अनुभवाने उपचार कसे बदलले?

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट तरुण आणि मुले दगावत होती. नेमके कशाने, हे स्पष्ट नव्हते. बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची तासातासाची नोंद ठेवली. मृत्यूचे कारण हृदय निकामी होऊन फुप्फुसांत पाणी भरणे हे आहे, हे त्यातून पुढे आले. धोक्याची आगाऊ सूचना देणाऱ्या लक्षणांवरचे त्यांचे टिपण १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढचा प्रश्न होता उपचाराचा. विषाने चिकटवून ठेवलेली दारे सोडवणारे औषध हाताशी नव्हते. मात्र ती दारे उघडी राहिल्याने होणारा पुढचा अनर्थ रोखता येण्यासारखा होता. रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम नॉरॲड्रेनलिन ज्या ग्राहकांमार्फत देते, त्यांना ‘अल्फा’ ग्राहक म्हणतात. प्रॅझोसिन ही रक्तदाबावरची गोळी नेमकी या ग्राहकांना अडवते. हुकूम येत राहतो, पण रक्तवाहिनीला तो ऐकूच जात नाही. वाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. या उपचाराचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले.

प्रॅझोसिनच्या आधीच्या काळात पश्चिम भारतात गंभीर विंचूदंशाच्या दर शंभर रुग्णांपैकी २५ ते ३० जण दगावत. वेळेवर उपचार मिळू लागल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. गोळी स्वस्त होती, तोंडाने घेता येत होती आणि ग्रामीण दवाखान्यातही ठेवता येत होती. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही या संशोधनात वाटा आहे.

प्रतिविष असताना गोळीची गरज काय?

लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होऊ लागले. प्रतिविषातील प्रतिपिंडे रक्तात फिरणारे विष पकडून निष्प्रभ करतात, म्हणजे ते दारापर्यंत पोहोचण्याआधीच त्याला अडवतात. मात्र आधीच उसळलेले वादळ प्रतिविषाने एका क्षणात शांत होत नाही. तिथे प्रॅझोसिन लागते. एक औषध विषाच्या मागे जाते आणि दुसरे विषाच्या परिणामाच्या.

दोन्ही एकत्र दिल्यास फायदा होतो का, हे महाडमध्ये ७० रुग्णांवर तपासण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ प्रॅझोसिन घेतलेल्या रुग्णांना बरे होण्यास सरासरी १७.७ तास लागले, तर प्रतिविष आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी आठ तासांत सावरले. सर्पदंशावरील प्रतिविष मात्र विंचूदंशात निरुपयोगी असते, कारण ती विषेच वेगळी आहेत. उदाहरणार्थ, नागाचे विष सोडियमच्या दारांना हात न लावता चेतातंतू आणि स्नायू यांच्यामधला संदेश तोडते.

दार बंद करणारी विषे कोणती?

विंचवाच्या अगदी उलट वागणारे विष केंड माशात असते. मासेमारांच्या जाळ्यांची नासधूस करणारा, धोका दिसताच फुग्यासारखा टम्म होणारा हा मासा कोकणकिनाऱ्याला अपरिचित नाही. त्याच्या अनेक जातींच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन असते. ते सोडियम चॅनेलच्या बाहेरच्या तोंडाशी बाटलीच्या बुचासारखे घट्ट बसते. दार उघडले तरी सोडियमला आत जाता येत नाही. संदेशच थांबतो.

आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. रुग्ण हलू-बोलू शकत नाही, पण अनेकदा शुद्धीवर असतो. हृदयातील सोडियम चॅनेल किंचित वेगळ्या घडणीचे असल्याने या विषाला बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणूनच विष उतरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास दिला तर जीव वाचू शकतो. या विषावर उतारा नाही आणि शिजवल्याने ते नष्टही होत नाही. प्रौढ माणसासाठी त्याचे एक-दोन मिलिग्रॅमही प्राणघातक ठरू शकतात. जपानमध्ये हा मासा ‘फुगू’ नावाने खाल्ला जातो, पण तो कापण्यासाठी स्वयंपाक्याला परवाना लागतो आणि त्याचे यकृत वाढण्यास मनाई आहे. दर्यावर्दी जेम्स कुक यांनी १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनियात या माशाचे यकृत नुसते चाखले, तरी त्यांच्या हातापायांतील बळ गेले होते. आतडी खाल्लेले त्यांच्या जहाजावरचे डुक्कर मेले.

याच जागी बसणारे दुसरे विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. समुद्रातील काही सूक्ष्म शैवाले ते तयार करतात. ही शैवाले फोफावली की पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत विष साठत जाते. तिसऱ्या किंवा कालवे दिसायला, चवीला नेहमीसारखीच लागतात आणि शिजवूनही विष जात नाही. म्हणूनच अनेक देशांत शिंपल्यांची विक्री करण्यापूर्वी या विषाची तपासणी होते.

दार उघडे ठेवणारी आणखी विषे कोणती?

कोलंबियातील सोनेरी बेडकाच्या कातडीत बॅट्रॅकोटॉक्सिन असते. एम्बेरा आदिवासी शिकारीच्या फुंकनळीतील बाणांची टोके या बेडकाच्या पाठीवर घासत. हे विष बोगद्याच्या आत शिरून दार उघड्या स्थितीत अडकवून ठेवते. विंचवाच्या विषाने दार मिटायला उशीर होतो, तर या विषाने ते मिटतच नाही. चेतातंतू आणि हृदयाचे स्नायू आधी बेभान होतात आणि मग पूर्ण थकून निपचित पडतात. बंदिवासात वाढवलेल्या बेडकांमध्ये मात्र हे विष आढळत नाही. ते विष त्यांना जंगलातल्या खाद्यातून मिळते.

आपल्याकडच्या बचनागातील ॲकोनिटिनही याच जागी काम करते. आयुर्वेदात बचनाग वापरण्याआधी त्याचे शोधन करण्यावर भर दिला जातो. बराच वेळ उकळण्यासारख्या प्रक्रियेत ॲकोनिटिनचे तुलनेने सौम्य घटकांत रूपांतर होते. कच्चे किंवा नीट शोधन न झालेले मूळ पोटात गेल्यास तोंडाला मुंग्या येतात आणि हृदयाचे ठोके जीवघेण्या पद्धतीने अनियमित होतात. हृदयालाही सोडियमचीच दारे चालवतात, हे यातून दिसते.

विषारी प्राणी स्वतःच्याच विषाने का मरत नाहीत?

केंड माशाच्या स्वतःच्या सोडियम चॅनेलमध्ये, विष जिथे बसते त्या तोंडाशी, काही घटक बदललेले असतात. किल्ली तीच, पण कुलपाचे भोक वेगळे. त्यामुळे विष बसत नाही. हे विषही मासा स्वतः तयार करत नाही, तर ते जिवाणूंकडून, अन्नसाखळीतून त्याच्याकडे येते असे मानले जाते.

अमेरिकेच्या वाळवंटातील टोळखाऊ उंदराची गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. हा उंदीर विषारी विंचू मारून खातो. विंचू त्याला डंख मारतोही, पण तो जागा क्षणभर चाटून पुन्हा शिकारीला भिडतो. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे कारण सापडले. या उंदराच्या वेदनातंतूंवरील एका सोडियम चॅनेलची घडण अशी बदलली आहे, की विंचवाचे विष त्याला चिकटले की ते चॅनेलच बंद पडते. इतरांना वेदना देणारे विष त्याच्यासाठी वेदनाशामक ठरते.

विषांमुळे विज्ञानाला काय मिळाले?

ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून सोडियम आणि पोटॅशियमच्या प्रवाहांचे गणित मांडले. त्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे प्रवाह वेगवेगळ्या दारांतून जातात, याचा थेट पुरावा तेव्हा नव्हता. तोशिओ नाराहाशी आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये लॉबस्टरच्या तंतूवर टेट्रोडोटॉक्सिन वापरले. सोडियमचा प्रवाह थांबला, पोटॅशियमचा चालूच राहिला. सोडियमचे दार स्वतंत्र आहे, हे केंड माशाच्या विषाने दाखवले.

पुढे विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये विंचवाच्या विषाचा गळासारखा उपयोग केला. विषावर खूण बसवून ते जिथे चिकटते ते प्रथिन त्यांनी शोधून काढले. १९८४ मध्ये जपानमधील शोसाकु नुमा यांच्या गटाने विद्युत ईलच्या सोडियम चॅनेलमधील १,८२० अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम उलगडला. आज माणसात या दाराचे नऊ प्रकार ज्ञात आहेत. काही प्रामुख्याने मेंदूत, काही स्नायूंत, एक हृदयात आणि काही वेदनेच्या तंतूंवर आढळतात.

रोजच्या जीवनात या ज्ञानाचा उपयोग होतो का?

दात काढण्याआधी हिरडीत दिले जाणारे भुलीचे इंजेक्शन सोडियमची दारेच बंद करते, पण तात्पुरती आणि तेवढ्याच भागात. विंचूदंशाच्या जागची असह्य वेदना थांबवण्यासाठी डॉक्टर हेच इंजेक्शन वापरतात. विषाने उघडी ठेवलेली दारे औषधाने मिटवली जातात.

डास पळवणाऱ्या उदबत्त्या आणि द्रवांमध्येही हेच तत्त्व आहे. शेवंतीच्या नात्यातील पायरेथ्रम या फुलझाडात कीटकांच्या सोडियम दारांना उघडे ठेवणारे द्रव्य असते. त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली रसायने डासाला आधी भोवळ आणतात आणि मग मारतात. माणसाचे चॅनेल त्यांना तितकेसे जुमानत नाही, शिवाय आपले शरीर ती लवकर मोडूनही टाकते. मात्र भारतासह अनेक देशांतील डासांच्या चॅनेलमध्ये आता असे बदल आढळतात, की ही द्रव्ये नीट चिकटतच नाहीत. केंड माशाने जी युक्ती साधली, तीच आता डासही साधू लागले आहेत.

वेदना थांबवणारे नवे औषध यातून मिळाले का?

२००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील मुलांना जन्मापासून वेदना कळतच नव्हती. त्यांच्या वेदनातंतूंवरील सोडियम चॅनेलचा एक प्रकार जनुकीय दोषामुळे निकामी होता. त्यांच्यापैकी रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालण्याचे खेळ करणारा एक मुलगा छपरावरून उडी मारल्यानंतर चौदा वर्षांचा होण्याआधीच दगावला. वेदना ही धोक्याची घंटा आहे आणि ती वाजवण्यासाठी हे दार लागते, हे त्यातून अधोरेखित झाले.

तेव्हापासून मेंदू आणि हृदयाला धक्का न लावता फक्त वेदनेचे दार मिटवणाऱ्या औषधाचा शोध सुरू आहे. टोळखाऊ उंदरात ज्या प्रकारचे चॅनेल बदललेले आढळले, त्याच प्रकाराला रोखणाऱ्या सुझेट्रिजिन या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी मंजुरी दिली. अफूजन्य औषधांचे व्यसन लागण्याचा धोका पाहता या पर्यायाकडे लक्ष वेधले गेले आहे.

विंचू चावल्यास काय करावे?

रुग्णाला धीर द्यावा, फार हालचाल करू देऊ नये आणि विनाविलंब जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. मांत्रिकाकडे विंचू उतरवण्यात किंवा झाडपाल्याच्या लेपात वेळ दवडू नये. दंश झालेले सगळेच काही गंभीर होत नाहीत. पुष्कळदा विंचवाने विष थोडेच सोडलेले असते किंवा तो कमी विषारी जातीचा असतो. असा रुग्ण आपोआप बरा होतो आणि श्रेय मंत्राला मिळते. खऱ्या विषबाधेत मात्र तेच दोन-तीन तास निर्णायक असतात. दंशाच्या जागी ब्लेडने काप देणे, रक्त चोखणे, घट्ट दोरी आवळणे यांनी दारांना चिकटलेले विष सुटत नाही. जखम मात्र वाढते.

रुग्णालयात पोहोचल्यावर दंशाची वेळ, उलट्या किती वेळा झाल्या, घाम केव्हापासून येतो आणि हातपाय गार पडले आहेत का, हे डॉक्टरांना सांगावे. प्रॅझोसिनची गोळी घरच्या घरी देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवे ठेवून, वैद्यकीय देखरेखीखालीच ती दिली जाते. लहान मुलांना लक्षणे सौम्य वाटली तरी निरीक्षणाखाली ठेवणे श्रेयस्कर.

विंचू रात्री बाहेर पडतो. दिवसा तो दगड, कौले, लाकूडफाटा, गोवऱ्या आणि भाताच्या पेंढ्याखाली दडतो. चपला आणि कपडे झटकून वापरणे, अंधारात विजेरी घेऊन चालणे, अंथरूण भिंतीपासून दूर घालणे आणि सरपणात थेट हात न घालणे, एवढ्या सवयींनी बरेच दंश टळतात. विष दारापर्यंत पोहोचल्यावर त्याला तिथून हुसकावणारे औषध अजून हाताशी नाही. त्यामुळे पहिल्या काही तासांत दवाखान्याची पायरी गाठणे हाच आजही सर्वांत भरवशाचा उतारा आहे.